जित्ता माल

भाद्रपदातली सकाळ होती. मी माहेरच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आई उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसली होती, काळा चष्मा लावून. मोतीबिंदू काढून आठच दिवस झाले होते. चुलीच्या धुरात जायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, आणि कांदा तर मुळीच चिरायचा नाही. साठ वर्षं या घरात जिची विळी चालली, तिला आता नुसतं बसायचं होतं.

"काय गं हे," ती म्हणाली, "नुसती पडून असते. चाळीतल्या कांद्यासारखी."

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. खिडकीतून कांद्याची चाळ दिसते, म्हणून तिला ते सहज सुचलं असणार. पण मला ते वाक्य लागलं, आणि पटलंही नाही. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. चाळीतला कांदा पडून नसतो, हे मला ठाऊक आहे. आणि ते मला पहिल्यांदा सांगितलं होतं अण्णांनी, माझ्या वडिलांनी. पुस्तकं नंतर आली.

एप्रिलमध्ये अण्णा उन्हाळ कांदा चाळीत भरायचे. जमिनीपासून हातभर उंचावर तळ, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, वर छप्पर. खालून वारा, बाजूंनी वारा. पाऊस लागला की ते सकाळ-संध्याकाळ चाळीत जायचे आणि ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून उभे राहायचे. आजारी पोराच्या कपाळाला हात लावून बघावं तसे ते ढिगाची ऊब बघायचे. "जित्ता माल आहे हा," ते म्हणायचे, "कोंडला की गुदमरतो." कांदा खरोखरच श्वास घेतो, ही गोष्ट त्यांच्या तळहाताला माहीत होती. हिवाळ्यातल्या उन्हात पातीने जी साखर तयार केली आणि गड्ड्यात भरून ठेवली, तीच थोडी थोडी जाळून कांदा चार-सहा महिने स्वतःला जिवंत ठेवतो. त्या जळण्याची ऊब अण्णांच्या हाताला लागायची. दिवाळीच्या आधी माल लासलगावला काट्यावर चढला की सडलेला वेगळा काढूनही वजन कमीच भरायचं, खणखणीत कांद्याचंसुद्धा. थोडं पाणी उडालेलं असायचं, थोडी साखर खर्ची पडलेली असायची. शेतकरी तिला घट म्हणतो आणि ती त्याच्या जिवाला लागते. कांद्याच्या बाजूने पाहिलं तर तो जगण्याचा खर्च आहे.

आता डोळ्यांतल्या पाण्याचं. अख्खा कांदा उशाशी घेऊन झोपलं तरी डोळे चुरचुरत नाहीत. विळी लागली की चुरचुरतात. पेशी म्हणजे काय हे मुलांना समजावायला मला याहून चांगलं उदाहरण कधी सापडलं नाही. कांद्याच्या पेशीत दोन गोष्टी अगदी शेजारी शेजारी राहतात. पेशीद्रव्यात गंधक असलेले काही निरुपद्रवी पदार्थ असतात. पेशीच्या मधोमध पाण्याची एक मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. नाव रिक्तिका, पण ती भरलेली असते आणि पेशीची बहुतेक जागा तिनेच व्यापलेली असते. त्या पिशवीत एक विकर असतं. दोहोंच्या मधे एक पटल. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. विळीचं पातं फिरतं, पटल फाटतं, दोन शेजारी एकमेकांत मिसळतात. विकर त्या पदार्थांचे तुकडे करतं, मग दुसरं एक विकर त्या तुकड्यांपासून डोळ्यांना झोंबणारा वायू बनवतं. हे दुसरं विकर २००२ मध्ये जपानी संशोधकांनी शोधून काढलं. तोवर सगळं पहिल्याचंच काम समजलं जात होतं. सारं घडायला काही क्षण लागतात. पण त्याआधी महिनोन् महिने चाळीत, मग पोत्यात, मग टोपलीत, त्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या राहिलेल्या असतात. इतक्या पातळ पडद्याआड. हे वेगळं ठेवणं मला फार मोठं वाटतं.

कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की कांदा पाणी सोडतो, ती याच पडद्यांची दुसरी बाजू. बाहेर मीठ जास्त झालं की पाणी पडद्यांतून बाहेर ओढलं जातं, आणि मघाशी दातांखाली कुरकुरणारी फोड लुळी पडते. कांद्याचा कुरकुरीतपणा म्हणजे लाखो भरलेल्या पिशव्यांचा ताण.

निवृत्त होताना मी स्वतःसाठी एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता. तो त्या वेळी माझ्याबरोबर होता. दुपारी आई पडली तेव्हा मी ओट्यावरची एक पाकळी घेतली, तिच्या आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने हलकेच ओढला आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला. शाळा-कॉलेजात हजारदा केलेली कृती. फरक एवढाच की या वेळी मी आयोडीनचा थेंब टाकला नाही.

त्या थेंबाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. आयोडीन टाकलं की केंद्रक पिवळट तपकिरी होऊन ठळक दिसतं, मुलं आकृती काढतात, नावं देतात, दहापैकी गुण मिळतात. बटाट्यावर आयोडीन निळंकाळं होतं, कांद्यात तसं होत नाही, कारण कांदा आपली शिदोरी पिठाच्या रूपात ठेवत नाही, ती साखरेच्या जातीच्या पदार्थांत ठेवतो. हेही त्यात शिकवता येतं. पण आयोडीनने पेशी मरते. वर्षानुवर्षं मी मुलांना जीवशास्त्राच्या पहिल्या तासाला मेलेली पेशी दाखवत आले, आणि तिच्याखाली "सजीवांचे मूलभूत एकक" असं लिहून घेत आले. याची मला आज खंत वाटते.

रॉबर्ट हूकलाही मेलेलीच दिसली होती. १६६५ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या 'मायक्रोग्राफिया'त त्याने बुचाच्या पातळ कापाचं चित्र दिलं. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. त्याला रिकाम्या खणांची रांगच रांग दिसली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. त्याने हिशोबही मांडला, की एका घन इंचात असे सव्वाशे कोटींच्या आसपास खण मावतील. त्या खणांना त्याने दिलेलं नाव इंग्रजीत आजही टिकून आहे, आणि त्याचा मूळ अर्थ आहे छोटी खोली. हिंदीने कोशिका म्हटलं, त्यातही कोश आहे, आवरण आहे. मराठीने मात्र पेशी हा शब्द घेतला. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसपेशी, अंगातलं मांस. तिकडच्यांनी भिंतीवरून नाव ठेवलं, आपण आतल्या जिवंत गोळ्यावरून. ठरवून झालं असेल असं नाही, पण शब्द आपला जास्त खरा आहे.

पापुद्रा नळीखाली नीट बसला. आधी विटांच्या भिंतीसारख्या लांबट चौकटी दिसल्या. मग मी प्रकाश कमी केला आणि वाट पाहिली. वाट पाहणं यात फार महत्त्वाचं. डोळा स्थिरावल्यावर कळलं की चित्र हलतंय. भिंतीलगत आणि केंद्रकापासून निघालेल्या बारीक धाग्यांमधून बारीक कण सरकत होते. एक पुढे गेला, थांबला, मागे फिरला, पुन्हा निघाला. शेजारच्या पेशीत उलट्या दिशेने. पुढच्या पेशीत आणखी वेगळ्या लयीत. हे वाहणं पाण्याच्या कलाने होत नाही. पेशीत प्रथिनांचे अतिसूक्ष्म दोर ताणलेले असतात, आणि त्या दोरांवरून दुसरी प्रथिनं ओझं घेऊन अक्षरशः पावलं टाकत चालतात. ओट्यावर चिरून ठेवलेल्या, तासाभराने फोडणीत जाणाऱ्या कांद्यात हे चाललं होतं. सभोवती फुटलेल्या पेशींचा रस सुकत होता आणि न फुटलेल्या पेशी आपलं काम करत होत्या.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

त्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात कांद्याचा सगळा वारसा गुंडाळून ठेवलेला असतो. तो किती, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो. कांद्याच्या एका पेशीतला भरतो अकरा मीटरांच्या आसपास, म्हणजे आईच्या नऊवारीपेक्षा दोन-तीन हातांनी... नाही, त्याहूनही जास्त, सहा हातांनी लांब. आणि तो मावतो डोळ्याला न दिसणाऱ्या ठिपक्यात. कांदा माणसापेक्षा पाचपट गुंतागुंतीचा आहे असा याचा अर्थ नाही. त्यातला पुष्कळसा भाग पुन्हा पुन्हा आलेला, प्रथिनांचा मजकूर नसलेला आहे. तरीही नवी पेशी होताना तो सगळा, अकराच्या अकरा मीटर, नव्याने उतरून काढावा लागतो.

वाहणाऱ्या त्या कणांमध्ये तंतुकणिकाही असतात. साखर जाळून पेशीला बळ पुरवणं हे त्यांचं काम. अण्णांच्या हाताला लागणारी ऊब त्यांच्याकडूनच आलेली. या तंतुकणिकांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि त्या पेशीत स्वतंत्रपणे दुभंगतात. कारण त्या मुळात या घरच्या नाहीतच. दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीत एक जिवाणू शिरला किंवा गिळला गेला, आणि तो पचला नाही, तिथेच राहिला. दोघांचं जमलं. अमेरिकेतल्या लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार नीट मांडला, त्याआधी कितीतरी नियतकालिकांनी तो लेख परत केला होता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. त्यातली मला सगळ्यात भिडणारी गोष्ट अशी, की कांद्यातल्या तंतुकणिका आणि माझ्या हातातल्या तंतुकणिका त्या एकाच जिवाणूच्या वंशातल्या आहेत. विळीवर धरलेला कांदा आणि तो धरणारा हात यांच्या आत एकच जुनं कुळ नांदतंय. आणि माणसात हे कुळ आईकडूनच येतं. माझ्यातल्या तंतुकणिका आईच्या, तिच्यातल्या तिच्या आईच्या.

संध्याकाळी आई उठली. तिला मी हे सगळं एका दमात सांगू लागले आणि ती म्हणाली, "बरं, पण मी तर काही करत नाही ना?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांचं होतं. येन्स स्काउ या संशोधकाने खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करून १९५७ मध्ये दाखवलं, की पेशीच्या पडद्यात एक पंप असतो. तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो, आणि दर फेरीला ऊर्जेचं एक नाणं खर्च करतो. १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हा पंप थांबला तर आतलं-बाहेरचं समान होतं, पेशी फुगते आणि संपते. माणूस अगदी निवांत पडलेला असला, तरी त्याच्या शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या एका कामावर जातो. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवण्यावर. कांद्यात सोडियमच्या जागी हायड्रोजनचे कण ढकलले जातात, एवढाच फरक. शिवाय हाडांच्या पोकळीतल्या मगजात आईच्या अंगात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होत असतात, आणि तितक्याच, एकशे वीस दिवसांचा फेरा पुरा करून, मोडीत निघत असतात. तू खुर्चीत बसून "पडून असते" म्हणालीस तेवढ्यात कोटीभर नव्या पेशी झाल्या, मी तिला सांगितलं. तिने थोडा वेळ विचार केला. मग विचारलं, "आणि डोळ्यातलं काय काढलं त्यांनी?"

हा प्रश्न तिने फार बरा विचारला. डोळ्याचं भिंगही पेशींचंच असतं, आणि त्याची रचना कांद्यासारखी, थरावर थर. पण क्रम उलटा. कांद्यात सगळ्यात बाहेरचं पान सगळ्यात जुनं, आणि गाभ्यात बुडाजवळ नवा कोंब. भिंगात नवे थर आयुष्यभर बाहेरून चढत जातात आणि गाभ्यात असतात सगळ्यात जुन्या पेशी, जन्माच्याही आधीच्या. उजेड आरपार जावा म्हणून त्या पेशींनी स्वतःतलं सगळं टाकून दिलेलं असतं. केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. नुसतं स्वच्छ प्रथिन, दाटीवाटीने, नीट लावून ठेवलेलं. ते प्रथिन पुन्हा नव्याने करता येत नाही. जे आजीच्या पोटात असताना भरलं, तेच जन्मभर पुरवायचं. एकोणऐंशी वर्षांत ते हळूहळू गोळा होत गेलं, धुरकट झालं, आणि शस्त्रक्रियेत बाहेर आलं. म्हणजे डॉक्टरांनी जे काढलं त्यात आईच्या जन्माआधीचा एक कण होता. तिने त्यातून अण्णांचं लग्नातलं तोंड पाहिलं होतं, आम्हा भावंडांची पहिली तोंडं पाहिली होती, अण्णांना शेवटचं पाहिलं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली.

मग मी तिला आणखी एक सांगितलं, जे मी कधी वर्गातही नीट सांगू शकले नाही, कारण सांगताना माझा आवाज भरून येतो. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशी तयार होऊ लागतात, आणि विभाजनाच्या मधल्याच एका टप्प्यावर थांबतात. वर्षानुवर्षं. एकोणऐंशी वर्षांपूर्वी आजी पोटुशी असताना, पोटातल्या त्या बाळाच्या पोटात, जिच्यापासून पुढे मी झाले ती पेशी होती. ती वीस वर्षं तशीच थांबून राहिली. थांबूनही जिवंत राहिली. आणि उलटही होतं. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तिथे राहतात. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना, मुलगा होऊन सत्तावीस वर्षं झालेल्या एका बाईच्या रक्तात पुरुष-गुणसूत्र असलेल्या पेशी आढळल्या. मुलाच्या असल्या तर अशा ओळखता येतात. मुलीच्या तशा ओळखता येत नाहीत.

"म्हणजे तू असशील तरी कळणार नाही," आई म्हणाली.

"नाही कळणार."

महिन्याभराने चष्मा सुटला. आईने नव्या डोळ्याने नळीत पाहिलं. मला वाटलं ती काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "मुंग्या चालल्यात." आणि बाजूला झाली नाही. चहा निवेपर्यंत बघत राहिली.

रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने १८५५ मध्ये लिहिलं, की प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते. त्याच्या आधी रोबेर्ट रेमाक यांनी तेच पाहून ठेवलं होतं, आणि त्यांना त्याचं श्रेय पुरतं मिळालं नाही. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही. कार्तिकात डोंगळे लावायची वेळ आली तेव्हा भाऊ चाळीत गेला, पण कांदे निवडायला आई बसली. कोंबाचं टोक दिसू लागलेले, बूड भक्कम असलेले, रंगाला चांगले असे तिने एकेक हातात फिरवून बाजूला काढले. बियाण्यासाठी कांदा लावताना वरचा तिसरा हिस्सा कापतात. ते काम तिने कोणाला करू दिलं नाही. विळी घेऊन बसली. कापताना तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नव्या भिंगाच्या डोळ्यातूनही. पदराने पुसत तिने चाळीस कांदे कापले आणि विहिरीजवळच्या वाफ्यात लावले.

आता त्यांची पात वीतभर वर आली आहे. फाल्गुनात त्यांना फुलं येतील.